सर्वसमावेशक, परिशिष्ट सोडून

ज्या एका इंग्रजी शब्दाने मला सगळ्यात जास्त पोसलं आणि सगळ्यात जास्त छळलं, तो शब्द म्हणजे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. विम्याच्या पॉलिसीत तो असतो, सोसायटीच्या करारात असतो, शाळेच्या माहितीपत्रकात असतो, महापालिकेच्या निविदेत तर दर पानावर असतो. मी भाषांतरकार आहे. ठाण्याला कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानात माझं अर्ध्या गाळ्याचं ऑफिस आहे. बाहेर पाटी आहे, ‘सावंत, इंग्रजी-मराठी-इंग्रजी. कोर्ट, बँक, विमा, सोसायटी’. राहायला डोंबिवली पूर्वेला. वीस-बावीस वर्षं हेच करतोय आणि चांगलं करतो. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. भाषांतर चांगलं झालं की लोकांना ते भाषांतर आहे हेच कळत नाही.

धंदा कसा चालतो ते आधी सांगतो. माझा दर पानामागे ठरतो. गिऱ्हाईक कागद देतं, मी मजकूर उतरवतो आणि शेवटी शिक्का मारतो, ‘मूळ दस्तऐवजाचे खरे व अचूक भाषांतर’. खाली सही. गिऱ्हाईक मजकूर वाचत नाही, शिक्का नीट उमटलाय की नाही ते बघतं.

तर ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. याला मराठीत सात-आठ शब्द आहेत आणि प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आहे. चौकशी सर्वंकष असते. विकास सर्वांगीण. धोरण सर्वसमावेशक. हित व्यापक. वाङ्मय समग्र. विचार साकल्याने करायचा असतो. माफी सरसकट मिळते. यांची अदलाबदल केली तर कुणी फाशी देणार नाही, पण कानाला खटकतं. ‘सर्वंकष’मध्ये घासून काढण्याचा, खरवडण्याचा अर्थ आहे. म्हणून सर्वंकष चौकशीत कुणाची तरी साल निघावी लागते. विकासात ती निघून चालत नाही. ‘सरसकट’मध्ये कुणाकडे वर मान करून बघितलेलंच नसतं, सगळ्यांना एकाच चाळणीतून काढलेलं असतं.

कल्याणच्या एका शाळेचं माहितीपत्रक आलेलं. त्यात हा शब्द पाच ठिकाणी होता. मी जागा बघून पाच निरनिराळे शब्द घातले आणि मनातून खूश होतो. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा खाली करून विचारलं, “सावंत, इंग्रजीत एकच शब्द आहे ना हा? मग तुम्ही पाच का लावलेत? दर शब्दावर आहे का तुमचा?”

“पानावर आहे, मॅडम.”

“मग सगळीकडे सर्वांगीण करा. पालकांना तोच आवडतो.”

केलं. त्या शाळेचा ग्रंथसंग्रहही सर्वांगीण झाला आणि स्वच्छतागृहांची देखभालही.

विठ्ठलवाडीचा एक रिक्षावाला विम्याची पॉलिसी घेऊन आलेला. मी एकेक कलम समजावून सांगायला लागलो तर म्हणाला, “दादा, ते राहू दे. फुल आहे का तेवढं सांग.”

“सर्वसमावेशक आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे फुल.”

“मग फुल लिही ना! एवढा मोठा शब्द कशाला, रिक्षाच्या मागे पण मावणार नाही.”

पण हा शब्द मला खरा शिकवला तो आमच्या सोसायटीच्या लिफ्ट मेकॅनिकने. देखभालीचा करार कॉम्प्रिहेन्सिव्ह होता आणि लिफ्ट आठवडाभर बंद. मी त्याला करार दाखवला. तो हात पुसत म्हणाला, “कॉम्प्रिहेन्सिव्हच आहे साहेब. सगळं येतं त्यात. फक्त दोर आणि मोटर सोडून.”

“मग राहिलं काय?”

“बटणं. पंखा. बल्ब.” आणि कराराचं शेवटचं पान उलटून त्याने काळं बोट ठेवलं. “हे इथे लिवलेलं असतं. पुढच्या पानावर ‘सर्व’, मागच्या पानावर ‘सोडून’.”

त्या दिवसापासून मला सवय लागली. कुठलाही कागद आला की आधी शेवटचं पान. परिशिष्ट, याद्या, बारीक अक्षरातल्या टिपा. पहिलं पान नंतर. ही सवय मी मुद्दाम सांगतोय. पुढे ज्या एका पानाबद्दल मी ‘बघितलंच नाही’ असं लोकांना सांगत राहिलो, ते पान मी सगळ्यात आधी बघितलं होतं. हे आजवर मी फार थोड्यांना सांगितलंय. छापून येईल असं पहिल्यांदाच.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक जुनी दुमजली इमारत होती. मालक एक, भाडेकरू अठरा. तळमजल्यावर मागच्या बाजूला, गल्लीकडे शटर उघडणारी एक खोली होती. तिथे शकुताई राहायच्या आणि तिथेच त्यांचं पोळी-भाजी केंद्र होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. सकाळी सहाला शटर वर, साडेसातपर्यंत शंभरेक पोळ्या. बायको शिक्षिका, तिची शाळा सकाळची, त्यामुळे माझा डबाही तिथलाच. डबा देताना त्या रोज काहीतरी टोमणा मारायच्या. “घ्या भाऊ. इंग्रजीतून मराठीत आणा आता वांग्याला.” आमच्याच रत्नागिरीकडच्या. माझ्यासारख्या घुम्या माणसाशीही रोज दोन वाक्यं बोलणारं ते एकच दुकान.

इमारत पुनर्विकासाला निघाली. भाडेकरूंच्या समितीचे सेक्रेटरी फडके. निवृत्त बँक अधिकारी, सज्जन आणि घाईतला माणूस. ते बिल्डरचा इंग्रजी करार घेऊन माझ्याकडे आले. “सावंत, रविवारी सभा आहे. लोकांना मराठीत हवाय. तुम्ही आपल्यातलेच, तुम्हीच करा.”

मी सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं. परिशिष्टात पात्र भाडेकरूंची यादी होती. सतरा नावं. खाली एक वेगळी ओळ होती. तळमजला, मागील खोली, वापर अनधिकृत, पुनर्वसनास अपात्र, ताबा कोणत्याही दाव्याविना द्यावा. कारण खाली बारीक टिपेत होतं. शकुताईंची भाडेपावती त्यांच्या दिराच्या नावावर होती, आणि दिराने परस्पर लिहून दिलेलं की तिथे आपलं कुणी राहत नाही.

मी फडक्यांना ती ओळ दाखवली. बोटानेच. तोंडाने काही बोललो नाही.

त्यांनी बघितली, चष्मा पुसला. “ते दीर-भावजयीचं घरगुती आहे हो. आपण त्यात पडायचं नाही. आणि एका खोलीसाठी सतरा घरं अडकवायची का? परिशिष्ट राहू दे. नावांच्या याद्याच तर आहेत, त्यांचं काय भाषांतर करायचं?”

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगायला हवी. याद्या, तक्ते, नकाशे यांचं भाषांतर सहसा कुणी करत नाही. वेळ जातो आणि गिऱ्हाईकाला नको असतं. त्या जागी एक ओळ टाकतात, ‘परिशिष्टे मुळाप्रमाणे’. याचा अर्थ, ती इंग्रजीत आहेत, तिकडे बघा. सगळे टाकतात. मीही शेकडो वेळा टाकलेली. ती ओळ पूर्णपणे खरी असते. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासमोर एक दार लावलेलं असतं, इतकंच.

मी ती ओळ टाकली. त्याखाली शिक्का मारला.

का टाकली, याची कारणं मी स्वतःला नंतर खूप दिली. भाषांतरकाराने मधे बोलू नये. मी वकील नाही. हे सगळं खरंच आहे. पण फडके त्याच बोलण्यात असंही म्हणाले होते की शेजारच्या दोन इमारतींचे करार येणार आहेत आणि ते माझ्याकडेच येतील. हे कारण मी स्वतःला कधीच दिलं नाही, आणि खरं तेच होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात सभा भरली. बाकांवर मोठी माणसं गुडघे वाकवून बसलेली. फडके म्हणाले, “सावंतांनीच वाचून दाखवावं.” मी वाचलं. तिसऱ्या कलमात होतं, ‘सदर प्रकल्पाअंतर्गत इमारतीतील सर्व रहिवाशांचे सर्वसमावेशक पुनर्वसन करण्यात येईल.’ शेवटच्या बाकावरून शकुताईंचा आवाज आला.

“भाऊ, यात मी येते ना?”

फडके फळ्याकडे बघायला लागले. मी कागदावरून मान वर केली नाही.

“‘सर्व रहिवाशांचे’ असं लिहिलंय, शकुताई.”

“मग झालं तर,” त्या म्हणाल्या. शेजारच्या बाईला म्हणाल्या, “सावंत भाऊंनी वाचलंय म्हणजे बघायला नको.”

त्यांनी त्याच दिवशी जागा खाली करायच्या संमतीपत्रावर सही केली. मी वाचलेलं वाक्य करारात जसंच्या तसं होतं. कुणी कोश काढून बसलं असतं तरी एक अक्षर काढता आलं नसतं.

चार महिन्यांनी इमारत रिकामी झाली. सतरा कुटुंबं भाड्याच्या जागेत गेली. शकुताईंना सांगण्यात आलं, तुम्ही यादीत नाही. त्या कराराची प्रत घेऊन तडक ठाण्याला माझ्या ऑफिसात आल्या. पहिल्यांदाच आलेल्या. हातात पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला.

“भाऊ, हे शेवटचं पान काय आहे? ते म्हणतात यात माझ्या खोलीचं लिहिलंय.”

मी ते पान हातात घेतलं आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखं वाचलं. नाटक मला येत नाही असं मी समजत होतो.

“हे माझ्याकडे आलंच नव्हतं, शकुताई. मला करार दिला, परिशिष्ट दिलं नाही.”

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाल्या, “नसेल आलं. तुम्ही कशाला लपवाल?” आणि पाणी पिऊन गेल्या.

घरी बायकोलाही मी तेच सांगितलं. फडके तर काय, बोलणारच नव्हते. शकुताई बाळकुमला भाचीकडे राहायला गेल्या. तिथे आता मोठमोठी कॉम्प्लेक्सं. सतराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांची पथारी. भाचीच्या कॉम्प्लेक्समध्ये घरून काही विकायला परवानगी नव्हती. मी डबा दुसरीकडे लावला. तिथल्या पोळ्या बऱ्या असायच्या, पण मी रोज अर्धा डबा परत आणायला लागलो आणि बायको विचारायची, बरं नाही का.

शकुताईंनी केस केली. कल्याणच्या कोर्टात बांधकामाला मनाई मिळाली, त्यांच्या जागेपुरती. बिल्डर वरच्या कोर्टात गेला. वरच्या कोर्टात सगळे कागद इंग्रजीत लागतात. आणि एके दिवशी दुपारी त्यांच्या वकील, भोईर मॅडम, यांच्याकडून मराठी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आला. तरुण, चटपटीत बाई. त्यांना वाटलं, सावंतांना प्रकरण माहीत आहे, काम लवकर होईल.

गठ्ठ्यात शकुताईंचं प्रतिज्ञापत्र होतं. मी भाषांतर करत अकराव्या परिच्छेदापर्यंत आलो. तिथे लिहिलं होतं, ‘सदर परिशिष्ट भाषांतरकार श्री. सावंत यांना दाखविण्यात आले नव्हते, असे त्यांनी मला स्वतः सांगितले आहे व त्यांच्या सांगण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.’

मी ते वाक्य इंग्रजीत टाइप केलं. चांगलं उतरलं. एकही शब्द इकडेतिकडे नाही. आता शेवटी लिहायचं होतं, खरे व अचूक भाषांतर. आणि ते भाषांतर खरंच होतं. अचूकही होतं. माझा हात शिक्क्याच्या डबीवर गेला आणि तिथेच थांबला. झेरॉक्सवाला म्हणाला, “सावंत, शाई संपली का?”

मी भोईर मॅडमना फोन लावला. “तुमच्या अकराव्या परिच्छेदात चूक आहे.”

“भाषेची?”

“नाही. ते खरं नाही.”

“सर, खरं-खोटं कोर्ट बघेल. तुमचं काम फक्त भाषांतर.”

हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलोय. पहिल्यांदा कुणीतरी मला ऐकवलं. मी म्हटलं, “मॅडम, ते पान मी वाचलेलं होतं. सभेच्या आधी. फडक्यांना मीच दाखवलं होतं.”

त्यांनी समोरच्या कुणाला तरी बाहेर बसायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “हे तुम्ही शपथेवर सांगाल?”

“सांगेन.”

“तुमचा धंदा जाईल. बिल्डर लोकं एकमेकांना सांगतात.”

“माहीत आहे.”

“मग आधी तिला सांगा. माझ्याकडून कळायला नको.”

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती ताटं उचलताना म्हणाली, “जाताना काही घेऊन जाऊ नकोस. फळंबिळं नेशील.”

रिकाम्या हाताने बाळकुमला गेलो. भाची कामावर गेलेली. शकुताई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसलेल्या. “या भाऊ, बसा. तारीख लागली का?”

मी उभ्यानेच सांगितलं. पान वाचलेलं होतं. ओळ दिसली होती. खोली कुणाची ते कळलं होतं. सभेत तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर माहीत होतं. नंतर ऑफिसात खोटं बोललो.

त्या मेथी निवडत राहिल्या. एक जुडी संपली, दुसरी घेतली.

“म्हणजे वाचलेलं.”

“हो.”

“आणि दुसऱ्या दिवशी डबा न्यायला आलेलात.”

“हो.”

“भाजी काय होती?”

मला आठवेना. तसं म्हटलं.

“मला आठवते,” त्या म्हणाल्या. “फरसबी. तुम्हाला आवडत नाही म्हणून तुमच्या डब्यात मटकी घातलेली, वेगळी करून.” मग त्यांनी काड्यांचा ढीग बाजूला सारला. “मेल्या, तू नुसतं ‘नाही’ म्हणाला असतास तर मी सही केली नसती रे. एक शब्द. तुझ्याकडे तर शब्दांचं दुकान आहे.”

अठरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. ते मला लागायला हवं होतं तसंच लागलं.

मी माफीचं काही बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर केला. “ते नको. ते ठेव तुझ्याजवळ. कोर्टात सांगणार का, तेवढं बोल.”

“सांगणार.”

“सगळं?”

“फडक्यांनी पुढच्या कामांचं आमिष दाखवलं, तेही.”

“मग बस. चहा घे. साखर संपलीय, गूळ चालेल?”

प्रतिज्ञापत्र मी माझं मीच लिहिलं. आयुष्यात इतका सोपा मजकूर लिहिला नव्हता. मी पान पाहिले. मी ओळ वाचली. मी ती वगळली. मी खोटे सांगितले. भोईर मॅडमनी त्यात एक शब्दही बदलला नाही. फडके रस्त्यात दिसले की आता पलीकडच्या फुटपाथवर जातात. त्यांच्यावर माझा राग नाही. ते सतरा घरांची काळजी करत होते आणि ती खोटी नव्हती. बिल्डरांची कामं बंद झाली, वकीलबाई म्हणाल्या होत्या तशीच. आता विमा, जन्मदाखले, वारसाचे दावे. भागतं. आणि ‘परिशिष्टे मुळाप्रमाणे’ ही ओळ मी टाकत नाही. याद्या, तक्ते, टिपा, सगळं उतरवतो. गिऱ्हाईक नको म्हणालं तर कागद परत देतो. काही जण शेजारच्या गल्लीत जातात. जाऊ देत.

माझं प्रतिज्ञापत्र दाखल झाल्यावर बिल्डरकडून तडजोडीचा निरोप आला. कल्याणला भोईर मॅडमच्या ऑफिसात बसलो. शकुताई, मी आणि बिल्डरतर्फे एक तिशीतला माणूस, लॅपटॉप आणि इंग्रजी मसुदा घेऊन. शकुताईंनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, “वाचायला तूच ये. दुसरा आणला तर त्याचं पण तपासायला लागेल.”

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून सह्यांच्या जागेपर्यंत. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, मालकी हक्काने, केवळ निवासी वापरासाठी.

“म्हणजे शटर नाही,” शकुताई म्हणाल्या.

“नाही.”

तो माणूस हसून म्हणाला, “काकू, मालकीचं घर मिळतंय तुम्हाला. यादीत नाव आलं. अजून काय पाहिजे?”

“घरात मी झोपते रे बाबा. जगते शटरवर.”

“पण ते यात बसत नाही.”

“मग बसव.”

तो फोन घेऊन बाहेर गेला. बराच वेळ गेला. भोईर मॅडमनी दोनदा चहा मागवला. शकुताई खिडकीतून खालच्या वडापावच्या गाडीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “तेल जुनं आहे त्याचं, इथून कळतंय.” तो परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. “साहेब म्हणतात, घराऐवजी मागच्या बाजूला गाळा देऊ, वर पोटमाळा राहण्यासाठी. पण ड्राफ्ट करायला आमच्या वकिलांना वेळ लागेल.”

“वेळ कशाला?” भोईर मॅडम म्हणाल्या आणि कोरे कागद माझ्याकडे सरकवले. “सावंत सर, लिहा.”

“थोडक्यात लिहा,” तो माणूस म्हणाला. “सर्व सोयींसह गाळा, असं लिहिलं की झालं.”

“नको,” शकुताई आणि मी एकदमच म्हणालो.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मागच्या गल्लीला उघडणारं शटर. हात न ताणता वर जाईल इतक्या उंचीचं. ओटा, कडप्प्याचा. दोन शेगड्या बसतील एवढा. पाण्याचा नळ आत, बाहेर नाही. धूर जायला भिंतीत भोक आणि त्यात पंखा. पोटमाळ्याला जिना, शिडी नव्हे. विजेचं मीटर शकुंतलाबाईंच्या स्वतःच्या नावाने. एकेक वस्तू, एकेक ओळ. दोन पानं भरली. मी वाचून दाखवली. त्यांनी एका ठिकाणी थांबवलं, “ओट्याच्या खाली फळी राहिली,” ती घातली. मग त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाने.

त्या माणसाने कागद हातात घेऊन वरखाली केले. “हे मराठीत आहे. कोर्टात इंग्रजी लागेल ना? मूळ कुठे आहे?”

“मूळ हेच आहे,” मी म्हणालो. “इंग्रजी भाषांतर तुम्ही करून घ्या.”